रोही मारायचा कागद

जालना जिल्ह्यात वनखात्यात आयुष्य काढलं असं सांगितलं की समोरचा माणूस हमखास विचारतो, "तुमच्याकडं जंगल आहे कुठं?" मी त्याला दोष देत नाही. माझं लग्न ठरताना सासऱ्यांनीही हेच विचारलं होतं. आमचं जंगल म्हणजे चार टेकड्या, बाभळी, हिवर, रस्त्याकडेचे कडुनिंब आणि उन्हाळ्यात वणव्याला तयार असलेलं कुसळी गवत. वाघ नाही, साग नाही, सिनेमात दाखवतात तसं काहीच नाही. म्हणूनच या खात्यात माझ्यासारखा अर्धा स्वप्नात वावरणारा माणूस खपून गेला. रोपवाटिकेत गेलो की पिशव्यांतली रोपं बघत तासन्तास बसायचो. बायको म्हणायची, "तुम्हाला बघत बसायचा पगार मिळतो." तिचं फारसं चुकत नव्हतं. वनपालाचं निम्मं काम पाहण्याचंच असतं, उरलेलं निम्मं पाहिलेलं कागदावर उतरवण्याचं.

पाहण्यात मी बरा होतो. कागदाच्या बाबतीत एकदा घसरलो. तीच गोष्ट सांगायला बसलो आहे.

शहरातल्या वाचकांसाठी आधी रोही म्हणजे काय ते सांगतो. पुस्तकात त्याला नीलगाय म्हणतात. घोड्याएवढं उंच जनावर, पण चाल अशी की हरभऱ्यातून गेलं तरी पाऊल वाजत नाही. नर निळसर काळा असतो, गळ्याखाली केसांचा झुपका आणि वीतभर शिंगं. मादी मातकट रंगाची, बिनशिंगाची. आमच्या भागात लपायला जंगल नसल्यामुळे रोही दिवसा गायरानावर, म्हणजे गावाच्या सरकारी चराऊ जमिनीवर बाभळीआड राहतो आणि पोट भरायला शेतात येतो. एका फेरीत तो जेवढं खातो त्याच्या चौपट तुडवतो.

पिकाचं फार नुकसान झालं तर त्याला मारायची परवानगी मागता येते. मागता येते, एवढंच. अर्ज, सातबारा, नुकसानीचे फोटो, आमची पाहणी, शेजाऱ्यांचे जबाब, बंदुकीचा परवाना असलेल्या माणसाची लेखी संमती, एवढं सगळं जमवून फाइल वर जाते आणि वर गेलेली फाइल ढगात गेल्यासारखी असते. माझ्या हाताखालच्या मुलखातून असे अर्ज ढिगानं गेले. मंजूर होऊन वेळेत परत आलेले कागद एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. लोक त्याला लॉटरी म्हणायचे.

केदारखेड्याकडे नेमणूक असताना एक गृहस्थ मिठाईचा खोका घेऊन कचेरीत आले. मुलाचं लग्न ठरलं असेल म्हणून मी उठून उभा राहिलो. खोका उघडला तर आत रोह्याच्या लेंड्या, कागदावर नीट मांडलेल्या.

"फोटोत रोही दिसत न्हाई म्हणून अर्ज वापस केला ना तुम्ही? मंग हे घ्या. आता त्याचं काय म्हणणं हाय?"

मी हसू दाबून खोका बंद केला. पण जाताना ते गृहस्थ एक गोष्ट सांगून गेले, ती पुढे आयुष्यभर कामाला आली. रोही नर रोज एकाच जागी लेंड्या टाकतो. हद्द राखायची त्याची ती रीत आहे. कुठेही भटकला तरी पहाटे त्या ढिगावर तो येणार. रोह्याला शोधत फिरू नये, त्याच्या ढिगापाशी बसावं. खात्याच्या कुठल्याही प्रशिक्षणात हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

नोकरीची शेवटची वर्षं घनसावंगीकडे गेली. तिथल्या एका गावात सुभद्राताई राहायच्या. अंगणवाडी सेविका म्हणून निवृत्त झालेल्या. नवरा अंकुशनगरच्या साखर कारखान्यावर कामाला, सुट्टीपुरता घरी येणारा. ताईंनी निवृत्तीच्या पैशात अडीच एकर रान घेतलं होतं आणि त्यात मोसंबीची तीनशे कलमं लावली होती. पहिल्यांदा भेटल्या तेव्हा "जयभीम साहेब" म्हणाल्या आणि थेट सातबारा पुढे केला. अर्जासाठी तो लागतोच, पण त्यांनी ज्या तऱ्हेनं तो दाखवला ते मला कळलं. त्यांच्या सासरी किंवा माहेरी कुणाच्याही नावावर कधी जमीन नव्हती. माझ्याही घरी नव्हती. माझे वडील जन्मभर दुसऱ्याच्या बांधावर उभे राहिले. ताईंचं ते अडीच एकर बघताना माझ्या छातीत काहीतरी हललं, हे मी लपवत नाही.

अंगणवाडीची सवय त्यांच्या अंगात इतकी मुरलेली की रोज सकाळी त्या झाडांच्या ओळीतून फिरत. कडेच्या ओळीतली कलमं मोडलेली दिसली की म्हणत, "आज चार गैरहजर." गंमत म्हणून म्हणायच्या, पण आवाजात गंमत नसायची. तो एकटा नर होता, म्हातारपणाकडे झुकलेला, कळपातून बाहेर पडलेला. तो पानं खायचा, आणि शिंगांची खाज भागवायला कोवळ्या खोडांवर घासायचा. मोसंबीचं दोन वर्षांचं कलम त्याच्या एका झटक्यात आडवं व्हायचं. बुजगावणं झालं, फटाके झाले, जुन्या साड्यांचं कुंपण झालं. एका साडीचा पदर शिंगाला अडकवून तो गावाच्या वेशीपर्यंत जाऊन आला, तेव्हा गाव दोन दिवस हसलं.

पहिला अर्ज परत आला, कारण सातबाऱ्यावरचा फेरफार नोंदायचा राहिला होता. दुसरा मंजूर झाला, तर निवडणूक लागली. निवडणुकीत परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. कागद ताईंच्या ट्रंकेत, बंदूक ठाण्याच्या खोलीत आणि रोही मोसंबीत, अशी तिघांची मुदत सरली. कचेरीत आम्ही यावर चहा पिता पिता हसलो होतो. आता आठवलं की लाज वाटते.

तिसऱ्या खेपेला मी स्वतः फाइलीच्या मागे लागलो. ताईंचं शेत वस्तीला लागून होतं, तिथं बार करणं धोक्याचं होतं. गोळी जनावरातून पार जाते, म्हणून त्याच्या मागे माती असावी लागते. गायरानावर पाझर तलावाचा उंच बांध होता आणि त्याच्या पायथ्याशीच रोह्याचा लेंड्यांचा ढीग होता. पण गायरान सरकारी. तिथं मारायची परवानगी मिळवायची म्हणजे ग्रामपंचायतीचं पत्र आलं, वेगळा नकाशा आला, वेगळी पाहणी आली. ते सगळं मी केलं. चार महिन्यांनी कागद आला तेव्हा वरच्या बाबूंनी मला विचारलं, "तुमची नातलग आहे का हो ही बाई?" एक नर, ठरलेली जागा, एका आठवड्याची मुदत. असा कागद मी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता.

बार करणार होते हवालदारमामा. फौजेतून निवृत्त, पिकाच्या राखणीसाठी घेतलेली जुनी बंदूक, बोलणं कमी. छऱ्यांनी रोही मरत नाही, जखमी होऊन चार दिवस तडफडतो, म्हणून ते एकच गोळी वापरायचे आणि चाळीस पावलांच्या पलीकडे बार करायचे नाहीत. आमची एक रीत होती, कुठल्या नियमात लिहिलेली नाही. जनावर समोर आलं की वनखात्याच्या माणसानं ते नर आहे, सोबत मादी किंवा पिल्लू नाही आणि मागे माती आहे याची खात्री करायची. तोवर हात वर. हात खाली आला की बार. म्हणजे चाप मामांच्या बोटाखाली, पण खरा चाप माझा हात.

पौषातली गोष्ट. आम्ही तिघं भल्या पहाटे गायरानात जाऊन बसायचो. ताईंना यायची गरज नव्हती, पण त्या आल्या.

"पंचनाम्यावर माझी सही लागंल ना? मंग बघितल्याबिगर कशी करू?" त्या म्हणाल्या.

पहिले दोन दिवस तो आलाच नाही. तिसऱ्या दिवशी आला तो बांधाच्या माथ्यावर, मागे नुसतं आभाळ. मामांनी बंदूक उचललीसुद्धा नाही. चौथ्या दिवशी मेंढरं मध्ये आली. पाचव्या दिवशी धुकं इतकं दाट की आमचे आम्ही एकमेकांना दिसेनात. कालव्याकडून ते सरकत यायचं आणि बाभळी त्यात बुडून जायच्या. दूर कारखान्याकडे जाणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरवर गाणी लागलेली असायची. ती धुक्यातून यायची तेव्हा गाण्यांचे शब्द विरून नुसता सूर उरायचा. ज्वारीचा ओला वास असायचा. बसल्या बसल्या मला डुलकी लागायची आणि डुलकीतही तेच गायरान दिसायचं, तीच बाभळ, तेच धुकं. जागेपणी पाहिलेलं कुठलं आणि झोपेत पाहिलेलं कुठलं, आज मला सांगता येणार नाही. इतकं सुख मला नोकरीत कधी मिळालं नव्हतं. जनावर मारायला बसलेल्या माणसानं हे लिहू नये, पण खरं आहे ते असं आहे.

रोज आम्ही हात हलवत परत यायचो आणि ताई शेतात जाऊन झाडं बघायच्या. त्या आठवड्यातही तो चुकला नाही. "आज सहा," त्या म्हणायच्या. मामा मान खाली घालून बिडी पेटवायचे.

सातवा दिवस शेवटचा. त्या सकाळी धुकं गुडघ्याएवढंच होतं आणि वर आभाळ स्वच्छ. सूर्य निघायच्या बेतात होता. मामांनी माझ्या कोपराला हलकेच स्पर्श केला. तो आला होता. धुक्यात पाय नसल्यासारखा तरंगत आला आणि ढिगापाशी बाजू देऊन उभा राहिला. पस्तीस पावलं असतील. मागे बांधाची लाल माती. मी हात वर केला.

मी त्याला नीट पाहिलं. शिंगं पाहिली, गळ्याचा झुपका पाहिला. डाव्या कानाला चीर होती. आजूबाजूला पाहिलं, मादी नाही, पिल्लू नाही, माणूस नाही. सगळं नियमाप्रमाणे. मग ऊन आलं. ते आधी त्याच्या पाठीवर पडलं आणि तो काळा रंग खरोखरीच निळा झाला. नाकातून वाफ निघत होती. त्यानं मान वळवून आमच्या दिशेनं पाहिलं, पण आम्ही त्याला दिसलो असं वाटलं नाही. मी बघत राहिलो.

मला त्याची दया आली असं म्हणायला मला आवडेल. पण तसं नव्हतं. त्याचं वय, त्याचा जीव, पाप, पुण्य, असलं काही मनात आलं नाही. मी फक्त बघत होतो आणि ते बघणं संपू नये असं वाटत होतं. बार झाला असता तर ती सकाळ मोडली असती. दोन वर्षांची धावपळ, ताईंची झाडं, हातातला कागद, सगळं कुठंतरी लांब राहिलं. हात वर आहे हेसुद्धा मी विसरलो होतो.

रोह्यानं शेपटी हलवली, वळला आणि बांधाला वळसा घालून निघून गेला.

मामांनी बंदूक खाली घेतली. "हात जड झाला का, साहेब?" एवढंच म्हणाले.

तेव्हा मला जाग आली. मुदत संपल्याचा पंचनामा त्याच दिवशी पाठवायचा होता, आणि जनावर टप्प्यात आलं असताना बार का झाला नाही याचं कारण त्यात लिहावं लागतं. मी बाभळीखाली बसून लिहिलं, 'नर रोही निदर्शनास आला, परंतु मादी सोबत असल्याने गोळी झाडता आली नाही.' या वाक्याला वर कुणी हरकत घेत नाही. असं वाक्य आम्हाला झोपेतही लिहिता येतं.

मामांनी न वाचता सही केली. ताईंनी कागद हातात घेतला आणि पूर्ण वाचला. अंगणवाडीत वर्षानुवर्षं अहवाल लिहिलेली बाई, ती न वाचता सही करणारी नव्हती. वाचून झाल्यावर त्यांनी एकदा गायरानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी पेनाचं टोपण शोधत असल्यासारखं केलं. त्यांनी सही केली, डोक्यावरचा पदर नीट केला आणि शेताकडे चालायला लागल्या.

चौथा अर्ज मी पाठवला. तो मंजूर होऊन आला नाही. सहा महिन्यांनी मी निवृत्त झालो. निरोपाच्या समारंभात साहेबांनी भाषणात मला वन्यप्राण्यांचा सच्चा मित्र म्हटलं आणि शाल दिली. मी ती घेतली.

गेल्या हिवाळ्यात मी त्या गावी गेलो. काम काही नव्हतं. बरेच दिवस जायचं म्हणत होतो आणि जात नव्हतो, म्हणून एका सकाळी घनसावंगीची बस धरली आणि पुढे जीपनं गेलो. ताई शेतातच होत्या. आता तिथं कापूस होता, मध्ये तुरीच्या ओळी. मोसंबीची झाडं विहिरीभोवती उरली होती, तीस-चाळीस. मी विचारायच्या आतच त्या म्हणाल्या, "बाकीची त्याच साली गेली. उन्हाळ्यापस्तोर रोज येऊन राह्यल्ता तो. मंग मीच उपटून टाकली. रोज कोण मोजणार?"

त्यांनी बांधावर पोतं अंथरलं, चहा ठेवला. हवालदारमामांचं दुखणं, कारखान्याचा हंगाम, माझ्या गुडघ्याचं दुखणं, सगळं बोलून झालं. शेवटी मी म्हणालो, "ताई, त्या दिवशी मादी नव्हती."

"मला ठाऊक हाय. मी काय आंधळी हाय का?"

"मग सही का केली?"

"तुम्ही कागद पुढं करून पेनाचं टोपण धुंडून राह्यल्ते. म्हटलं, माणसानं आपल्यासाठी दोन साल खेटे घातले, आता त्याची नोकरी कशाला घालवायची." चहा गाळता गाळता त्या थांबल्या. "सहीचा राग न्हाई मला."

"मग राग कशाचा आहे?"

त्यांनी कपात चहा ओतला, कप माझ्या हातात दिला.

"ते ऊन पडलं ना त्याच्यावर, तव्हा मला बी वाटलं व्हतं, जाऊ द्यावं याला. बिलकुल वाटलं व्हतं. पण झाडं माझी व्हती, साहेब. आमच्या सात पिढ्यांत पहिल्यांदा कुणाचं तरी काहीतरी व्हतं. त्याला सोडायचाच व्हता, तर मी सोडला असता. तुम्ही मला विचारलंच न्हाई."

मी चहा प्यायलो. तो गोड होता, नीट केलेला होता. जाताना त्यांनी मला रस्त्यापर्यंत पोचवलं आणि जीपवाल्याला सांगितलं, "साहेबांना पुढं बसव, गुडघे दुखतात त्यांचे."

तो पंचनामा कुठल्या तरी कपाटात असेल. त्यावर आम्हा तिघांच्या सह्या आहेत आणि तो आता बदलता येणार नाही. म्हणून इथं लिहितो. त्या सकाळी गायरानावर एकच रोही होता. तो नर होता, मागे माती होती, बार करायला कसलीही अडचण नव्हती. सुभद्राताई माझ्यापासून चार पावलांवर उभ्या होत्या. मी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं नाही.